गेलेल्या यंत्राचें सोंग

१९६५ सालीं अमेरिकेंतील मेनार्ड या गांवच्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन कंपनीनें पी.डी.पी.-८ नांवाचा संगणक विक्रीस काढला. तोंपर्यंत संगणक म्हटला कीं त्यास बहुधा स्वतंत्र दालन लागे. हा कपाटांत मावणारा, आणि किंमत १८,००० डॉलर. अशा यंत्रांस मिनिकॉम्प्युटर हें नांव पडलें. १९७० सालीं त्याच कंपनीचा पी.डी.पी.-११ आला, आणि प्रयोगशाळांतून, विद्यापीठांतून व कारखान्यांतून हीं यंत्रें सर्वत्र दिसूं लागलीं. आज ती कंपनी नाहीं. १९९८ सालीं कॉम्पॅक कंपनीनें ती विकत घेतली. यंत्रेंही बहुतेक मोडींत गेलीं. मागें राहिले ते त्यांच्यासाठीं लिहिलेले प्रोग्रॅम. प्रोग्रॅम म्हणजे एका विशिष्ट यंत्राला उद्देशून दिलेल्या आज्ञा. तें यंत्रच गेलें म्हणजे त्या आज्ञा समजणारा कोणी उरत नाहीं.

यावर उपाय म्हणून जो योजतात त्यास एम्युलेटर म्हणतात. मराठींत अनुकारक म्हणावें. हाही एक प्रोग्रॅमच. आजच्या संगणकावर चालून तो जुन्या यंत्राचें सोंग घेतो. जुन्या प्रोग्रॅममधील एकेक आंकडा उचलावयाचा, ती कोणती आज्ञा हें ओळखावयाचें, आणि मूळ यंत्रानें जें केलें असतें तेंच करावयाचें. पी.डी.पी.-८ च्या आज्ञांचे मुख्य प्रकार अवघे आठ. एखादा हुषार विद्यार्थी सुटींत असा अनुकारक लिहून काढील. तो बिनचूक राखणें मात्र वर्षानुवर्षांचें काम आहे. डिजिटल कंपनींतच मोठ्या हुद्द्यावर असलेले बॉब सप्निक यांनीं १९९३ सालीं ‘सिम-एच’ नांवाचा अनुकारकांचा संच लिहावयास घेतला. त्याची दुरुस्ती अद्याप संपलेली नाहीं.

कारण असें कीं, सोंग वठवावयाचें तें खोडींसकट. पी.डी.पी.-८ च्या मूळ स्मरणांत ४,०९६ घरें असत. त्यांपैकीं ८ ते १५ या आठ घरांची खोड अशी कीं, त्यांतील पत्ता घेऊन दुसऱ्या घरीं जावयाचें झाल्यास त्या पत्त्यांत आधीं आपोआप एक मिळविला जाई. लिहिणारांनीं तिचा भरपूर फायदा घेतला. अनुकारक ती विसरला, तर प्रोग्रॅम भलत्याच घरांत शिरेल.

त्याहून अवघड गोष्ट वेगाची. आजचा संगणक इतका चपळ कीं त्यावरील सोंग मूळ यंत्राला केव्हांच मागें टाकतें. पण येथें चपळाई हा दोष ठरतो. जुन्या काळीं डिस्कला हुकूम दिला कीं ती फिरून जाग्यावर येण्यास वेळ लागे, आणि तेवढ्या अवधींत प्रोग्रॅम आपली पुढील तयारी करून घेई. अनुकारकाजवळ फिरणारी डिस्कच नाहीं. त्यानें तत्क्षणीं उत्तर दिलें, तर तयारी होण्यापूर्वींच पाहुणा दारांत उभा राहतो आणि यजमानाची त्रेधा उडते. म्हणून अनुकारकाला मुद्दाम थांबावें लागतें, आणि तेंही घड्याळ पाहून नव्हे, तर झालेल्या आज्ञा मोजून. कंपनीनें यंत्र तपासण्यासाठीं केलेले प्रोग्रॅम अनुकारकावरही चालवितात. तरी त्या परीक्षेंत उतरलेला अनुकारक एखाद्या जुन्या प्रोग्रॅमपुढें अडखळतोच, कारण परीक्षकानें न विचारलेलें तो प्रोग्रॅम विचारतो.

या कष्टांचें फळ २००८ सालीं दिसलें. युनिक्स या सुप्रसिद्ध प्रणालीच्या आरंभीच्या आवृत्तीचा गाभा १९७२ सालच्या एका छापील प्रतीच्या रूपानें उरला होता. स्वयंसेवकांनीं तो कागदावरून संगणकांत उतरविला, चुका निवडल्या, सिम-एचमध्यें हवे ते फेरफार केले, आणि छत्तीस वर्षांपूर्वींची ती प्रणाली पुन्हां चालूं लागली. अनुकारक नसता, तर तीं पानें वाचतां आलीं असतीं. चालतीं झालीं नसतीं.

२०२२ सालीं याच संचावरून वाद उपस्थित झाला. अनेक वर्षें त्याची देखभाल करणाऱ्या एका कुशल गृहस्थानें अशी सोय केली कीं, डिस्कची प्रत अनुकारकास जोडली असतां तिच्या शेवटीं तिचा प्रकार व आकार यांची थोडी नोंद आपोआप लिहिली जावी. हेतु चांगला होता. पुढच्या वेळीं वापरणाराची खटपट वांचावी. परंतु जुन्या डिस्का जपणाऱ्यांना तें रुचलें नाहीं. आपल्याकडील पोथी उतरविणारा लेखक अखेरीस बजावून ठेवी कीं, जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष मजकडे नाहीं. येथें तर नकलेवर नव्हे, पुढें आलेल्या पोथीवरच शेरा उमटत होता! ती सोय बंद ठेवतां येई हें खरें. पण ज्याला तिची वार्ताच नाहीं तो ती बंद कशी करणार? आक्षेपकांची बाजू येथें बळकट दिसते. त्या गृहस्थांनीं उलट आपल्या पुढील दुरुस्त्यांवर अशी अट घातली कीं, ही वागणूक बदलणाऱ्यास त्या वापरतां येणार नाहींत. तेव्हां इतरांनीं अट घालण्यापूर्वींची प्रत घेऊन त्याच वर्षीं ‘ओपन सिम-एच’ ही निराळी शाखा काढली, आणि तिची व्यवस्था एका व्यक्तीकडे न ठेवतां एका मंडळाकडे सोंपविली. अट घातलेल्या फायलींतील पुढची दुरुस्ती त्या शाखेंत हवी असेल, तर ती उचलून न घेतां तिकडच्या लोकांनीं स्वतंत्रपणें पुन्हां लिहावयाची.