डाग कुठे द्यायचा, कुठे नाही

आज बोलूया एका दहा इंची विमानाबद्दल. शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलींनी प्लास्टिकच्या सुट्या भागांचं खोकं आणलं, आणि आमच्या गटातल्या आम्ही चौघी त्यांच्याबरोबर जोडायला बसलो. विमान दुसऱ्या महायुद्धातलं, ब्रिटनचं हॉकर हरिकेन. आपल्या हवाई दलानेही ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडवलं होतं.

खऱ्या हरिकेनची रुंदी पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४० फूट. आमचं ४८ पट लहान. म्हणजे तिथले ४ फूट, इथे १ इंच. एवढ्याशा वस्तूवर रंगाचा जाड थर लगेच डोळ्यांत भरतो, म्हणून रंग पातळ करून दोन-तीन हात द्यायचे.

आधी सगळे भाग साबणाच्या पाण्याने धुवायचे. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. वैमानिकाची बसायची जागा पहिल्यांदा रंगवायची, कारण दोन्ही अर्धे चिकटवल्यावर आत ब्रश जात नाही. सांधे पॉलिश पेपरने घासायचे. वरून तपकिरी आणि गडद हिरवा रंग, म्हणजे उंचावरून बघणाऱ्याला जमीनच वाटावी. खालून फिकट, आभाळात मिसळणारा. त्यावर चकचकीत वार्निश, आणि मग पाण्यात भिजवून सरकवायची चिन्हं. खरखरीत रंगावर ती लावली तर खाली हवा अडकते आणि कडेने पांढुरकं दिसतं.

एवढं झालं तरी विमान कोरं करकरीत, खेळण्यासारखं दिसतं. त्याला वापरलेलं रूप द्यायचं, हे खरं काम. मुली म्हणाल्या, सगळीकडे तांबडा गंज लावूया. पण बायांनो, आपला लोखंडी तवा गंजतो. अ‍ॅल्युमिनिअमचं पातेलं कधी तांबडं झालंय का? विमानाचे पत्रे अ‍ॅल्युमिनिअमचे. रंग उडाला की खालून चंदेरी दिसणार.

तेही सगळीकडे नाही. वैमानिक डाव्या बाजूने चढायचा, म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी रंग झिजलेला दाखवायचा. स्पंजाचा तुकडा चंदेरी रंगात बुडवून आधी कागदावर टिपायचा, मग हलकेच टेकवायचा. विमानाच्या मागच्या अंगाला मात्र चंदेरी ठिपका द्यायचा नाही, कारण तिथे पत्राच नाही! लाकडी पट्ट्यांवर लिननचं कापड ताणलेलं असे. त्यावर डोप नावाचं द्रव लावत. वाळताना कापड आकसून डफासारखं ताठ होई. ते फाटलं तर ठिगळ लावत, आपल्या गोधडीला लावतो तसंच. म्हणून तिथे किंचित वेगळ्या छटेचा छोटा चौकोन रंगवायचा.

इंजिनाचा धूर नाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून निघे आणि वाऱ्याने मागे ओढला जाई. काळ्या-तपकिरी खडूची भुकटी बोटाने मागच्याच दिशेने ओढायची.

उरला पंखातल्या बंदुकांचा प्रश्न. धूळ आणि ओल आत जाऊ नये म्हणून बंदुकांच्या तोंडावर कापडाचे तुकडे चिकटवत. गोळी सुटली की कापड फाटे आणि मागे काजळी धरे. म्हणजे तुकडे शाबूत ठेवायचे की काजळी लावायची? यावर आमच्यात बरीच बोलाचाली झाली. काजळी शोभून दिसते, असं एकीचं म्हणणं. दुसरी म्हणाली, काजळी म्हणजे समोर कुणावर तरी गोळी झाडली, कुणाचा तरी मुलगा गेला. शेवटी आम्ही काजळी लावली, पण शोभेसाठी नाही. लढाईचं विमान स्वच्छ दाखवणं आम्हाला खरं वाटेना.

मग मुलींपैकी एकीने विचारलं, ज्यांनी हे बांधलं त्यांची खूण कुठे? कॅनडात फोर्ट विल्यम इथल्या कारखान्यात १४०० हून जास्त हरिकेन बांधली गेली. तिथे १९३८ पासून मुख्य विमान अभियंता होत्या एल्सी मॅकगिल. १९२९ साली त्यांना पोलिओ झाला होता. पुढे काठ्यांच्या आधाराने त्या चालत. हाताखाली हजारो कामगार, आणि त्यांत मोठ्या संख्येने बायका. वैमानिकाच्या पायाची खूण पंखावर राहते, गोळीची काजळी राहते. ज्यांनी नीट जोडलं, नीट ताणलं, त्यांची खूण राहत नाही. काम चांगलं झालं की ते दिसतच नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून विमानाखालच्या पाटीवर आम्ही नावाच्या खाली आणखी एक ओळ लिहिली: कुठे बांधलं, कुणाच्या देखरेखीखाली, आणि बांधणाऱ्यांत बायका होत्या. तुमच्या गटाने प्रदर्शनात पापड मांडले, गोधडी मांडली, की तिथेही करणारीचं नाव लिहा. डाग विचार करून द्यायचा असतो, तसं नावही विसरायचं नसतं. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.