खेळाचं नाव काय?



मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. माझ्याआधी या खुर्चीत बसलेल्यांची नावं वाचली की खुर्ची जरा मोठी वाटते. हे रीत म्हणून सांगतात, पण माझ्या बाबतीत ते खरंही आहे.

चिटणीसांनी मला विषय दिला होता, 'आपल्या शास्त्राचा आढावा आणि पुढची दिशा'. मी आढावा लिहायला बसले. नैराश्यावर दोन पानं झाली. तिसऱ्या पानावर 'ऑनलाइन खेळांचं व्यसन' असा मथळा घातला आणि गाडी तिथेच अडली. नैराश्याची दोन पानं स्मरणिकेत येतील, ती सवडीने वाचा. गेली पंधरा वर्षं मनात साठलेलं मी आज बोलून घेते. अध्यक्षांना 'वेळ संपली' अशी चिठ्ठी पाठवायची पद्धत नाही, एवढा एकच फायदा या खुर्चीला आहे.

माझी तक्रार साधी आहे. आपल्याकडे दारू पिणारा माणूस येतो तेव्हा आपण काय काय विचारतो? देशी की इंग्लिश, क्वार्टर की खंबा, गुत्त्यावर की घरी, एकटा की बैठकीत, पहिला घोट किती वाजता, सकाळी हात थरथरतात का. १९८६ साली पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं तेव्हा मी एमबीबीएसला होते. बाटलीच्या आधी माणसाशी बोलायचं असतं, हे आमची पिढी त्या वातावरणात शिकली. आता सतरा वर्षांचा मुलगा येतो. आई सांगते, "डॉक्टर, हा दिवसभर गेम खेळतो." आपण विचारतो, "किती तास?" आकडा लिहितो आणि पान उलटतो. कोणता खेळ, कोणाबरोबर, आणि त्या खेळात हा मुलगा कोण आहे, यातलं काहीच आपण विचारत नाही. आपल्या केसपेपरवर त्यासाठी ओळसुद्धा नाही. 'रोज आठ तास' हे निदान असेल, तर आपल्या साऱ्या निवासी डॉक्टरांना आधी भरती करावं लागेल.

माझा रोख विशेषतः भूमिका घेऊन खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आहे. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचा खेळ केला. पडद्यावर चित्र नव्हतं, नुसती अक्षरं होती. तरी एकाच वेळी अनेक माणसं त्या शब्दांच्या दुनियेत वावरत होती. पुढे १९९९ साली 'एव्हरक्वेस्ट' आला. त्याला खेळाडूच थट्टेने 'एव्हरक्रॅक' म्हणत. क्रॅक म्हणजे कोकेनचा एक जहाल प्रकार. २००४ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि २०१० साली त्याचे वर्गणीदार एक कोटी वीस लाखांवर गेले. या खेळांना शेवट नसतो. तुम्ही कोणीतरी बनता, पायरी पायरी चढता, टोळी जमवता. टोळीला ते गिल्ड म्हणतात, तिच्या मोहिमेला रेड. एक जण पुढे उभा राहून मार खातो, तो टँक. एक मागे राहून सगळ्यांच्या जखमा भरतो, तो हीलर. बार्टलने १९९६ सालीच खेळाडूंचे चार प्रकार मांडले: मिळवणारे, धुंडाळणारे, माणसं जोडणारे आणि दुसऱ्याला मारण्यात रमणारे. खेळ रचणाऱ्याला 'कोण खेळतंय' हा प्रश्न पडला. आपण मात्र अजून घड्याळ घेऊन बसलो आहोत.

आता माझी स्वतःची फजिती ऐका. २००८ सालची गोष्ट. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, तक्रार निद्रानाशाची. घरच्यांनी सांगितलं, कॉम्प्युटरवर असतो. मी तास लिहिले, गोळी लिहिली. मार्चअखेरीस सुधारणा झाली, मुलगा तासभर आधी झोपू लागला. मी डोस तोच ठेवला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. ऑक्टोबर संपताना झोप पुन्हा तासभर पुढे सरकली. मी केसपेपरवर लिहिलं, 'रिलॅप्स'. पुढच्या मार्चअखेरीस परत सुधारणा. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली आणि मी विचारलं, "बाळा, तू नक्की करतोस काय?"

त्याचं गिल्ड युरोपातलं होतं. रेड तिकडच्या रात्री आठला सुरू व्हायची, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर पुढे जातात, तेव्हा तीच रेड इथे साडेअकराला सुरू होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं परत मागे येतात. माझ्या गोळीचा गुण म्हणून मी जे मिरवत होते, तो युरोपातल्या घड्याळांचा गुण होता.

आणि तो हीलर होता. मला म्हणाला, "मॅडम, मी मध्येच उठलो तर पंचवीस जण मरतात." त्यांच्यात हजेरीचे गुण असत, डीकेपी म्हणत त्याला. मोहिमेला आलात तर गुण, गुण साठले तर लुटीत वाटा. कॉलेजात त्याची हजेरी चाळीस टक्के होती, रेडला एकही खाडा नव्हता. ज्या मुलाला आपण बेजबाबदार म्हणून उपचारांना आणलं, तो पंचवीस माणसांचा भार रोज रात्री खांद्यावर घेत होता. वर्गात तो नसला तर कोणाच्या लक्षातही येत नव्हतं. मी गोळी बंद केली. त्याला गिल्डच्या म्होरक्याशी बोलायला लावलं. परीक्षेपर्यंत आठवड्याला एकच रेड आणि बाकी दिवस बदली हीलर, असं ठरलं. घरच्यांना दोन वर्षांत जे जमलं नव्हतं, ते त्या म्होरक्याने दोन वाक्यांत केलं.

कालच्या परिसंवादात दोन ज्येष्ठ मित्र असं खेळणं हे व्यसन आहे की नाही यावर हातघाईवर आले होते. एकाच्या हातात जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-११ हे रोगांचं वर्गीकरण होतं. त्यात 'गेमिंग डिसऑर्डर'ला ६सी५१ हा क्रमांक आहे, २०१९ साली या वर्गीकरणाला मान्यता मिळाली आणि २०२२ च्या १ जानेवारीपासून ते लागू झालं. दुसऱ्यांनी २०१७ मध्ये देशोदेशीच्या अभ्यासकांनी हा विकार त्यात घालायच्या प्रस्तावाला छापील विरोध केला होता, त्याचा दाखला दिला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत नऊ निकष दिले, वर्षभरात पाच जुळले तर विकार, आणि तेही 'आणखी अभ्यास हवा' अशा प्रकरणात ठेवले. मी या वादात पुस्तक उघडणार नाही. माझ्याकडे एकाच महिन्यात दोन मुलं आली. दोघांचे नवापैकी सहा निकष जुळले. एक टोळीसाठी जागत होता. दुसरा एकटा बसून आईच्या यूपीआयवरून पैसे भरत, हवं ते पात्र निघेपर्यंत 'पुल' करत, म्हणजे सोडत काढत होता. पहिल्याला वेळापत्रक हवं होतं. दुसऱ्याला जुगाऱ्यासारखेच उपचार लागले आणि आईचा पिन बदलावा लागला. गुण सारखे आणि आजार दोन. आता वाद सोडवा.

त्या दुसऱ्या मुलाच्या खेळाची तऱ्हा तुम्ही समजून घ्यायलाच हवी. जपानमध्ये नाणं टाकलं की बंद डबीतून खेळणं देणारी यंत्रं असतात, त्यांच्यावरून याला 'गाचा' म्हणतात. २०२० च्या 'गेन्शिन इम्पॅक्ट'मध्ये सर्वांत वरच्या दर्जाचं पात्र निघायची मूळ शक्यता एका खेपेला ०.६ टक्के आहे, आणि नव्वदाव्या खेपेला ते नक्की मिळतं. स्किनरच्या कबुतरांना दाणा कितव्या टोचीला पडेल याचा नेम नव्हता, म्हणून ती टोचत राहिली, हे आपण पहिल्या वर्षाला शिकतो. इथे त्यावर 'आता थोडंच उरलं' ही आशा चढवली आहे. आपल्याकडे २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. ठीक झालं. पण गाचात रोख जिंकण्याची बातच नसते, पैसा फक्त जातो. हा फरक केसपेपरवरच्या 'आठ तासां'त कुठे दिसतो?

आपण परंपरेचा अभिमान सांगतो, म्हणून सांगते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त म्हणजे अक्षसूक्त, जुगाऱ्याच्या तोंडचं. मी त्याला आपल्या धंद्यातला पहिला केसपेपर मानते. बायको दुरावली, सासू तोंड बघत नाही, आता खेळणार नाही असं ठरवलं आणि फाशांचा आवाज आला की पाय तिकडेच वळतात, सगळं त्यात आहे. आणि फासे बेहड्याच्या फळांचे होते, हेही आहे. त्या कवीने खेळाचं सामानसुद्धा नोंदवलं. आपल्याला खेळाचं नाव लिहायला जड जातं.

बंदीवाल्यांचं काय, असं काहीजण विचारतील. चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालच्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी फक्त रात्री आठ ते नऊ खेळायला मुभा दिली. दक्षिण कोरियाने २०११ पासून सोळा वर्षांखालच्यांना मध्यरात्री बारा ते सकाळी सहा बंदी घातली आणि दहा वर्षांनी ती स्वतःच उठवली. मी कोरियाला गेलेले नाही. माझ्याकडे एक वायरमन गृहस्थ आले होते. मुलाने खेळू नये म्हणून ते रोज रात्री अकराला घराचा फ्यूज काढून उशाखाली ठेवायचे. मे महिन्यात सगळं घर घामाने निथळत जागं. महिनाभराने कळलं की मुलगा गच्चीवर जाऊन शेजाऱ्याच्या वायफायवर खेळतो, आणि शेजाऱ्याने पासवर्ड दिला तो दया येऊन. मी त्यांना सांगितलं, फ्यूज लावा, आणि एक रात्र त्याच्या शेजारी बसून बघा. बसले. सकाळी फोन आला, "मॅडम, आमचा पोरगा इंग्रजी फाडफाड बोलतो हो!" रोग बरा झाला असं मी म्हणत नाही. पण त्या घरात रात्री पुन्हा पंखा फिरू लागला.

नॉर्वेतल्या मॅट्स स्टीनबद्दल तुमच्यातल्या अनेकांनी ऐकलं असेल, २०२४ साली त्याच्यावरचा माहितीपट बऱ्याच जणांनी पाहिला. त्याला डुशेन हा स्नायूंचा आजार होता. २०१४ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो गेला. मुलगा खेळात वेळ घालवून एकटाच राहिला, या दुःखात आईवडील होते. त्याच्या ब्लॉगवर त्यांनी निधनाची बातमी लिहिली आणि परक्या देशांतून ईमेल येऊ लागले. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये तो इबेलिन होता, आणि किती जणांनी आपली दुखणी त्याच्यापाशी मोकळी केली होती. प्रत्येक खेळणारा इबेलिन नसतो, हे तुमच्याआधी मीच म्हणते. पण ज्या आईबापांनी मुलाचं सगळं आयुष्य हातांनी सांभाळलं, त्यांनाही ते नंतर कळलं. आपण तर वीस मिनिटं भेटतो.

पुढच्या कामाबद्दल बोलायचं तर, केसपेपरवर तीन ओळी वाढवाव्यात: खेळाचं नाव, त्यातली भूमिका, आणि सोबती कोण. खेळांच्या परिभाषेची एक छोटी पुस्तिका मराठीत काढावी. तरुण सदस्यांची एक उपसमिती नेमावी, तिचे तपशील कार्यकारिणी ठरवेल. खर्चाचं मला विचारू नका.

जाता जाता एक दाखवते. हा कागद मी पर्समधून आणला आहे. अक्षर माझं आहे. मुलाचं वय एकोणीस, खाली लिहिलंय, 'गेम, रोज ९ तास', आणि पुढची तारीख. त्या तारखेला तो आला नाही. दोन महिन्यांनी वडील आले. मुलगा घर सोडून गेला होता, फोन बंद. ते म्हणाले, "त्याचे मित्र सगळे त्या खेळातच होते. तुमच्याशी बोलला असेल ना? कुठला खेळ होता, तेवढं सांगा. त्यांना विचारून बघतो."

माझ्याकडे नऊ तास होते.

वर्षभराने तो आपला आपणच परत आला. त्यात माझा काही वाटा नाही. हा कागद मी अजून फाडलेला नाही.