ऐकायची तयारी



प्रवेशाची धावपळ संपून कॉलेजं सुरळीत सुरू झाली, की राष्ट्रीय सेवा योजनेच्या खोलीबाहेर किंवा एखाद्या संस्थेच्या फलकावर आवाहन लागतं : लैंगिक हिंसेविषयी जनजागृती करणाऱ्या युवा गटात या. पुण्यात अशा गटांना तोटा नाही आणि त्यात जावंसं वाटणाऱ्या मुलामुलींनाही नाही. २०२५च्या फेब्रुवारीत स्वारगेटच्या एसटी स्थानकात उभ्या बसमध्ये एका तरुणीवरच्या अत्याचाराची जी घटना घडली, त्यानंतर तर "आता नुसतं गप्प बसवत नाही," असं म्हणत कितीतरी जण पुढे आले. मी समुपदेशक आहे. अशा गटांत येणाऱ्यांना कामासाठी तयार करणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. आज मला त्यांच्याशी आणि थोडं त्यांच्या आईवडिलांशी बोलायचं आहे.

नव्याने आलेल्या प्रत्येकाला वाटतं, की आपण इथे बोलायला आलो आहोत. पथनाट्य बसवायचं, वस्तीत सत्र घ्यायचं, कायद्याची माहिती द्यायची. ते करायचंच आहे. पण गटाचा कस लागतो तो कार्यक्रम संपल्यावर. सतरंज्या गुंडाळणं चालू असतं, कुणी ढोलकी पिशवीत घालत असतं, आणि एक मुलगी चपलेचा बंद लावण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळते. बाकीचे पांगले की जवळ येऊन म्हणते, "ताई, माझ्या एका मैत्रिणीबद्दल विचारायचं होतं." पुष्कळदा ती मैत्रीण म्हणजे ती स्वतःच असते. त्या पाच मिनिटांत तुम्ही काय म्हणता, तुमचा चेहरा कसा होतो, यावर ती पुढे कुणाला काही सांगेल की कायमची गप्प होईल, हे बरंचसं ठरतं.

कार्यक्रमानंतर असं मागे थांबून बोलणं पुण्याला नवीन नाही. १९८२ साली मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेच्या मृत्यूने हे शहर हादरलं होतं. त्यानंतर विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नारी समता मंचाने 'मी एक मंजुश्री' नावाचं प्रदर्शन केलं आणि गावोगावी नेलं. विषय होता घरात होणाऱ्या छळाचा. प्रदर्शन बघायला आलेल्या बायका चित्रं पाहून घरी गेल्या नाहीत. त्या थांबल्या आणि स्वतःचं सांगू लागल्या. त्यातूनच 'बोलते व्हा' हे सल्ला केंद्र उभं राहिलं. जागृतीचा कुठलाही कार्यक्रम मनापासून केला, की लोक बोलणारच. म्हणून ऐकण्याची व्यवस्था आधी लावायची आणि पथनाट्य मग बसवायचं, असा माझा आग्रह असतो. उलट क्रमाने काम करणारे गट मी पाहिले आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, पण धीर करून बोललेल्या मुलीला पुढे न्यायला त्यांच्याकडे जागाच नसते. ते मला फार अन्यायाचं वाटतं.

तर ती मुलगी बोलू लागली, की काय करायचं? ऐकायचं. मध्ये न तोडता ऐकायचं. "तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही." ही दोन वाक्यं पुरतात. "तिथे गेलीच कशाला?", "इतके दिवस का बोलली नाहीस?", "नक्की काय केलं त्याने?" हे प्रश्न ओठावर आले तरी गिळा. तपास पोलिसांचा, तपासणी डॉक्टरांची. तेच तेच पुन्हा वदवून घेतलं, तर तिला त्रास होतो आणि पुढे न्यायालयात त्या जबाबांतली तफावत तिच्याच अंगाशी येऊ शकते.

"ओरडली का नाहीस?" हा प्रश्न तर मनातूनच काढून टाका. स्वारगेटच्या घटनेनंतर हाच प्रश्न जिथे तिथे चघळला गेला. पराकोटीच्या भीतीत शरीर गोठतं. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. स्टॉकहोमच्या एका तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ७० टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी शरीर असं लक्षणीय प्रमाणात गोठल्याचं सांगितलं होतं. गोठणं ही संमती नव्हे. वस्तीतल्या सत्रात कायद्याचं एक कलम कमी सांगितलंत तरी चालेल, हे मात्र सांगाच.

आता एक कठीण गोष्ट. समोरची मुलगी किंवा मुलगा १८ वर्षांखालचा असेल, तर "मी कुणालाही सांगणार नाही" असं वचन देऊ नका. बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२चा पोक्सो कायदा सांगतो, की अशा गुन्ह्याची माहिती ज्याला कळली त्याने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलीच पाहिजे. तुम्ही स्वयंसेवक आहात म्हणून त्यातून सुटका नाही. वचन देऊन ते मोडण्यापेक्षा आधीच सांगा : "तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला एकदोन मोठ्या माणसांशी बोलावं लागेल. कुणाशी आणि काय, ते तुला सांगूनच बोलेन." मुलांना हे समजतं. याच कायद्याने त्यांना काही संरक्षणंही दिली आहेत, तीही सांगा. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, आणि त्या वेळी अंगावर गणवेश नसावा.

ती सज्ञान असेल, तर तक्रार करायची की नाही हा निर्णय तिचा. तुमचा उत्साह तिच्यावर लादू नका. वैद्यकीय मदत मात्र लांबवू नये, एवढं तिला नक्की सांगा. गर्भधारणा टाळणाऱ्या गोळ्या आणि एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी चांगली. उपचार नाकारणं किंवा त्यासाठी पैसे मागणं कुठल्याच रुग्णालयाला करता येत नाही. सरकारी ससून असो की खासगी. रुग्णालय पोलिसांना कळवतं, हेही तिला आधीच माहीत असू द्या. कपडे धुऊ नयेत आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत. कागदात गुंडाळून ठेवावेत. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला, तरी जवळच्या पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो. कात्रजमध्ये घडलं म्हणून हडपसरहून माघारी धाडणं चुकीचं आहे.

आणि तिचं नाव कुठेही नाही. स्टेटसला नाही, गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, "आमच्या कॉलेजातली एक" अशा ओळखू येणाऱ्या खुणेनेही नाही. पीडितेची ओळख उघड करणं हा शिक्षापात्र गुन्हा आहे. ही तरतूद १९८३च्या दुरुस्तीने कायद्यात आली आणि तिच्यामागे महाराष्ट्रातलंच दुखणं आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. खालच्या न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. १९७९मध्ये चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. पुणे विद्यापीठात शिकवणाऱ्या वसुधा धागमवार त्या चौघांपैकी एक. त्या पत्रानंतर देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि कायदा बदलला. त्या मुलीचं नाव सगळ्या पुस्तकांत आहे. मी ते इथे घेत नाही.

गटात नाव देण्याआधी तुम्हीही चार प्रश्न विचारा. विचारायला संकोच करू नका. प्रशिक्षण कोण देणार आणि ते किती दिवसांचं? कुणी काही सांगितलं, तर आम्ही कुणाला फोन करायचा, त्या समुपदेशकाचं नाव आणि नंबर आत्ता द्याल का? लहान मुलांबरोबर काम करताना कुठले नियम पाळता? कुणीही स्वयंसेवक मुलांबरोबर एकटा बंद खोलीत थांबत नाही आणि मुलांचे फोटो स्वतःच्या फोनवर काढत नाही, हे किमान नियम. आणि शेवटचा प्रश्न : गटातल्याच कुणी त्रास दिला, तर तक्रार कुठे करायची? या प्रश्नावर कुणी हसलं किंवा चिडलं, तर तिथून निघा. कॉलेजमध्ये तर अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या नियमांनुसार विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात त्या समितीवर विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. आपल्या कॉलेजच्या समितीत कोण आहे, हे शोधून फलकावर लावणं, हेच नव्या गटाचं पहिलं काम होऊ शकेल. करून बघा. बऱ्याच ठिकाणी ही यादी सहज हाती लागत नाही.

मुलग्यांशी मला वेगळं बोलायचं आहे, कारण ते दारापर्यंत येतात आणि "हा मुलींचा विषय" म्हणून परततात. १९९१मध्ये मुंबईत एका पत्रकाराने बायकोला मारहाण करणं मान्य नसलेल्या पुरुषांनी पुढे यावं अशी जाहिरात दिली. दोनशेहून अधिक पुरुषांनी प्रतिसाद दिला आणि त्यातून १९९३मध्ये 'मावा' ही पुरुषांची संघटना झाली. हरीश सदानी यांच्या पुढाकाराने तिने कॉलेजमधल्या मुलग्यांसाठी 'युवा मैत्री' हा उपक्रम २००६मध्ये सुरू केला, तो पुणे जिल्ह्यातच. पुण्याच्या वस्त्यांमध्ये 'इक्वल कम्युनिटी फाउंडेशन' ही संस्था १३ ते १७ वयाच्या मुलग्यांबरोबर काम करते. म्हणजे वाट पडलेली आहे. शिवाय अत्याचार मुलग्यांवरही होतात. केंद्र सरकारने २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलगे होते. मुलगा ते दादाला सांगेल, ताईला सांगेलच असं नाही. त्याच्यासाठी तरी गटात दादा हवा.

मुलग्याला जे जमतं ते दुसऱ्या कुणालाच जमत नाही, असे प्रसंग असतात. होस्टेलच्या खोलीत कुणी मैत्रिणीचा फोटो फिरवायला काढतो, तेव्हा "ठेव तो फोन, हे मला आवडलेलं नाही," एवढं म्हणणं. पीएमपी बसच्या गर्दीत कुणी एखादीला खेटतोय असं दिसलं, तर मारामारी नको; तिला "ताई, इकडे या, जागा आहे," म्हणून हाक मारा आणि वाहकाला सांगा. नाक्यावरच्या हाणामारीने बघ्यांची करमणूक होते, तिची अडचण वाढते.

पथनाट्याबद्दल एकच सांगते. बहुतेक संहितांत काळोखी गल्ली, अनोळखी गुंड आणि किंचाळणारी मुलगी असते. तो प्रसंग आला की घोळक्यातून शिट्टी येते, हे तुम्हीही ऐकलं असेल. राष्ट्रीय गुन्हे नोंदींनुसार बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. मग नाटकात काका, क्लासचे सर, शेजारचा दादा का येऊ नये? अत्याचार दाखवूच नका. त्यानंतरचं दाखवा : मुलगी आईला सांगते, आई क्षणभर गप्प राहते, आणि मग आई काय म्हणते. तिथे प्रेक्षकांना विचारा, तुम्ही काय म्हणाल? जनता वसाहतीत असो की कोथरूडच्या सोसायटीत, इथे लोक खरोखर बोलू लागतात.

ज्यांच्या स्वतःच्या आयुष्यात असं काही घडून गेलंय, अशी मुलं या कामाकडे ओढली जातात. तुमचं स्वागत आहे. पण स्वतःचा अनुभव सांगण्याचं बंधन तुमच्यावर कुणीही घालू शकत नाही. एखाद्या सत्रानंतर झोप उडाली, तर काही आठवडे पोस्टर करा, नोंदी ठेवा, किंवा थांबा.

आईवडिलांनो, "कशाला नसत्या भानगडीत पडतेस" म्हणून तिला अडवू नका. गटाच्या प्रमुखांना भेटा, मघाचे प्रश्न तुम्हीही विचारा, आणि ती संध्याकाळी उशिरा परतली तर हातात गरम पोळी ठेवून तिला बोलू द्या. तिने दिवसभर दुसऱ्यांचं ऐकलेलं असतं.

आता कागद-पेन्सिल घ्या. तातडीच्या मदतीसाठी ११२. मुलांसाठी १०९८, दिवसरात्र. महिलांसाठी १८१. पुन्हा सांगते : एक-एक-दोन, एक-शून्य-नऊ-आठ, एक-आठ-एक. हे नंबर गटातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये पहिल्या सत्राआधी असायला हवेत. आणि त्यांच्याखाली तुमच्या समुपदेशकाचा.