मास्तरांची सावली
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलण्याची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. पण वाचलेल्या एखाद्या पुस्तकाविषयी चार शब्द सांगा, असा आग्रह झाला म्हणून उभी राहिले आहे.

पुस्तक आहे कृष्णाबाई सुर्वे यांचे ‘मास्तरांची सावली’. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान, कवी नारायण सुर्वे. त्यांची हकीकत पुष्कळजणींना ठाऊक असेल. मुंबईत रस्त्यावर टाकलेले मूल, गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून घरी आणले नि आपले नाव दिले. पुढे मुलगा गिरणीत राबला, हॉटेलात राबला, शाळेत शिपाई झाला. मोठेपणी सातवीची परीक्षा दिली आणि शिक्षक झाला. सातवी! खरे सांगते, वाचून मला बरे वाटले. १९६२ साली पहिला संग्रह ‘ऐसा गा मी ब्रह्म’ निघाला आणि १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. २०१० साली ते गेले.

हे सगळे कौतुकाचे खरेच. पण ज्या घरी दोन वेळची चूल पेटवायची पंचाईत, तिथे कागद नि दिवा कविता लिहिणाऱ्यासाठी ठेवायचा, हे सोपे का आहे? ते आपल्यालाच कळेल, विद्वानांना नाही कळायचे.

आता माझी गोष्ट. आमच्याकडचे यंत्रमागावर काम करतात, टॉवेलच्या कारखान्यात. लग्न झाले तेव्हा रात्रपाळीहून आले की हातपाय धुऊन एका वहीत काही लिहीत बसायचे. कविताच होत्या. मी म्हणायची, लाइटचे बिल कोण भरणार? पोरांच्या फीचे काय? एके वर्षी दिवाळीच्या आवराआवरीत ती वही मी रद्दीवाल्याला घातली. मुद्दाम नव्हे, पण पाहूनही घेतली नाही. त्यांना समजले तेव्हा एवढेच म्हणाले, “असू दे.” त्यानंतर लिहिणे बंद.

कृष्णाबाईंचे पुस्तक वाचताना ते “असू दे” सारखे कानांत येत होते. ते काही सुर्वे झाले असते, असे मी म्हणत नाही. पण झाले नसते, हे ठरवणारी मी कोण?

गेल्या महिन्यात नवी वही आणून त्यांच्या उशाशी ठेवली. त्यांनी तिच्यात दुधाचा हिशेब लिहायला घेतला. मी वही काढून घेतली, म्हटले, दुधाला कॅलेंडर आहे.

अजून कोरीच आहे. पण परवा त्यांनी पोराकडे पेन मागितले.