आपला ग्रुप आणि माझी एक चूक
(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘मोबाइल आणि आपण : एका इंजिनिअरच्या नजरेतून’. चोवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करूनही इंजिनिअरची म्हणून वेगळी नजर असते का, हे मला नीट कळलेलं नाही. अणदूरला आले की माझी ओळख ‘फोन दुरुस्त करणारी’ एवढीच असते. पिशवी खाली ठेवायच्या आत शेजारच्या काकू फोन घेऊन हजर. “बाई, हे जरा बघ की, सारखं हँग व्हायलंय.” बघितलं तर फोनमध्ये ‘शुभ सकाळ’चे चार हजार फोटो. ते पुसले की फोन पळायला लागतो आणि गावात माझं नाव होतं. सगळ्या शिक्षणाचा गावाला झालेला उपयोग हा.

आपण दहावीत होतो ते वर्ष तुम्हाला आठवतं का बघा. शाळा सुरू झाली जूनमध्ये. ३१ जुलै १९९५ ला कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना फोन लावला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. आपल्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. आपण झेंडावंदन करून, खाऊ घेऊन घरी गेलो. आपल्या दृष्टीनं फोन म्हणजे स्टँडवरचा पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ, आत लाल आकडे पळणारं मीटर, आणि ज्यांच्या घरी फोन नाही त्यांनी पत्रिकेवर छापलेला शेजारच्या दुकानाचा पी.पी. नंबर.

आणि सप्टेंबरच्या २१ तारखेला गणपती दूध प्यायला.

ती सकाळ आठवते? कुणाच्या तरी सोलापूरच्या पाहुण्यांचा फोन पी.पी. नंबरवर आला आणि तासाभरात गावातलं दूध संपलं. शाळेत निम्मा वर्ग गैरहजर. विज्ञानाच्या सरांनी त्या दिवशी शाळेची पितळी घंटा टेबलावर ठेवली, ओल्या फडक्यानं पुसली, दुधाचा चमचा तिच्या कडेला टेकवून जरासा कलवला. घंटा दूध प्यायली! मग त्यांनी घंटेखालून बोट फिरवलं आणि ओलं बोट आपल्याला दाखवलं. पृष्ठताण हा शब्द मी त्याआधी पाठ केला होता. पाहिला त्या दिवशी. सर आज इथे बसले आहेत. सर, त्या दिवशी मी घरी जाऊन आजीला हे सांगितलं आणि मार खाल्ला, तेही आज सांगून टाकते.

हे आठवायचं कारण असं, की अफवेला मोबाइल लागत नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर आपण आठवीत होतो, महिनोन् महिने अंगणात झोपत होतो, तेव्हाही “आज रात्री पुन्हा होणार” ही बातमी रोज संध्याकाळी कुणीतरी घेऊन यायचंच. फरक एवढाच, की तेव्हा ती आणणारा माणूस समोर असायचा. “तुला कुणी सांगितलं?” असं विचारता यायचं. तो म्हणायचा, अमक्यानं. अमका म्हणायचा, नळदुर्गच्या तमक्यानं. दोन घरं मागे गेलं की बातमी पातळ व्हायची. फॉरवर्डला तोंडच नसतं. गणिताचे सर, तुम्ही रीत न लिहिलेल्या उत्तराला शून्य द्यायचात, उत्तर बरोबर असलं तरी. फॉरवर्ड म्हणजे रीत न लिहिलेलं उत्तर. हे मी ग्रुपवर अनेकदा लिहिलं आहे आणि टाळ्याही मिळवल्या आहेत. पण आज मला बोलायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. ज्याच्याबद्दल बोलणार आहे त्याची परवानगी घेतली आहे. नाव घेऊ नको म्हणाला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना कळेलच, पण स्मरणिकेत छापताना नाव घालू नका.

२०१५ साली आपला ग्रुप झाला. पाच वर्षं एका वर्गात बसून मी मुलांशी पाच वाक्यं बोलले नसेन. मुलींची रांग भिंतीकडे, मुलांची खिडकीकडे. वही हवी असली तर धाकट्या भावाला पाठवायचं. वीस वर्षांनी त्याच मुलांशी ‘अरे-तुरे’ बोलायला मिळालं ते या ग्रुपवर. फोनला नावं ठेवणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते.

या ग्रुपवर आपला एक मित्र होता. हायवेला टेम्पो चालवतो, सोलापूर ते हैदराबाद. तो स्वतः एक अक्षर लिहायचा नाही. सकाळी फुलांचा फोटो, दुपारी कुठलं तरी औषध, रात्री विनोद. सगळं दुसऱ्याकडून आलेलं. जून २०१८ मध्ये त्यानं मुलं पळवणाऱ्या टोळीचा एक व्हिडिओ टाकला. मोटारसायकलवरून दोघं येतात, खेळणाऱ्या पोरांतलं एक उचलून नेतात. सोबत “आपल्या भागात टोळी आली आहे” अशी ऑडिओ क्लिप.

तो व्हिडिओ मी ओळखला. मूळ तो कराचीतला, मुलांना जपा असं सांगणाऱ्या जाहिरातीचा. मूळ फिल्ममध्ये ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तो शेवट कापून उरलेलं देशभर फिरत होतं. मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. इथपर्यंत ठीक होतं. पण मी तिथे थांबले नाही. दहा ओळी आणखी लिहिल्या. “आपण शिकलेली माणसं आहोत ना? का अडाण्यासारखं काहीही पुढे ढकलायचं? ज्याला कळत नाही त्यानं गप्प बसावं.” सत्तावीस जणांनी अंगठे दिले. दोन शिक्षकही ग्रुपवर होते.

रात्री साडेअकराला करड्या अक्षरांत ओळ आली, तो ग्रुप सोडून गेला. आता कुणी ग्रुप सोडला तर फक्त अ‍ॅडमिनला कळतं, तेव्हा सगळ्यांना दिसायचं. कुणीही काही म्हणालं नाही. मीही नाही. सकाळी फुलांचा फोटो आला नाही, एवढंच.

थोड्याच दिवसांनी, १ जुलैला, रविवारच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारे समजून. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी फिरणारे. बहुतेक आपल्या शेजारच्या, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. त्यांच्यासारखी माणसं आपल्या दारात वर्षानुवर्षं येत आली आहेत, आपण त्यांना पीठ घातलं आहे. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण लावायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती नंतर जगभर लागू झाली. खूप फिरलेल्या मेसेजला दोन बाण येतात आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी जातो, तो बदल एप्रिल २०२० चा.

मला वाटलं, बघा, मी बरोबर होते. आणि होतेच. आजही त्या व्हिडिओबद्दल माझं मत तेच आहे.

मग २०२१ चा एप्रिल-मे आला. ते दिवस कुणाला सांगायला नकोत. आपल्या ग्रुपनं तेव्हा जे केलं त्याला तोड नाही. सोलापूरला कुठे बेड आहे, ऑक्सिजनची टाकी कुणाकडे आहे, रात्री दोनला कोण गाडी काढेल, सगळं ग्रुपवर. औषधांच्या दुकानातला आपला मित्र आणि नर्स असलेली आपली मैत्रीण, दोघं महिनाभर झोपले नसतील. अकरा घरांतल्या माणसांना बेड मिळाले, मी मोजले आहेत.

त्याचे वडील त्या मे महिन्यात गेले. तो दोन दिवस टेम्पोत त्यांना घेऊन दवाखाने हिंडत होता. मला हे कळलं दिवाळीत, आईकडून. ग्रुपवर असता तर वाचले असते, असं मी म्हणत नाही. तेव्हा बेड मिळूनही माणसं गेली. पण तो आमच्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहतो, आणि आमच्या यादीत तो नव्हता, आणि का नव्हता हे मला माहीत होतं.

त्याला फोन करायला मला आणखी दोन महिने लागले. पहिल्यांदा तो म्हणाला, “जाऊ दे गं, जुनं झालं.” मग जरा वेळानं बोलला. त्याला टाइप करता येत नाही. वाचता सगळं येतं. पण मराठी कीबोर्डवर जोडाक्षर सापडत नाही, ‘र’ कुठे जातो कळत नाही, आणि ग्रुपवर मराठीच्या बाई आहेत. चूक दिसेल. बोलून पाठवलं तर मागे गाडीचा आवाज, लोक हसतील. “म्हणून आलेलं पुढं ढकलायचो. मी आहे, एवढं कळावं तुम्हाला.” आणि तो व्हिडिओ? “माझी पोरगी तेव्हा सहा वर्षांची होती. मी आठवड्यातून चार दिवस रस्त्यावर. मला खरंच भीती वाटली होती.”

मी कीबोर्डचं काम जवळून पाहिलेली बाई. ‘अ‍ॅप’मधला ‘ॲ’ जोडतोड न करता लिहायला युनिकोडमध्ये वेगळं अक्षर मिळालं तेच मुळी २००८ मध्ये, हे मी लोकांना कौतुकानं सांगत असते. त्याआधी एका फॉण्टमधली मराठी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती चित्रलिपी दिसायची. आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही, की माझ्या वर्गातला एक मुलगा जोडाक्षराच्या भीतीनं तीन वर्षं फुलांचे फोटो पाठवतो आहे.

आमच्या धंद्याचं पाप यात आहे. आम्ही पुण्यात, वेगवान वाय-फायवर, नव्या फोनवर, तिशीतल्या पोरांकडून सगळं तपासून घेतो. आईनं फोनमधली चित्रं जागेवरून पाठ केली आहेत. खालून दुसऱ्या ओळीत डावीकडे मोठा मुलगा, उजवीकडे मी. एका रात्रीत अपडेट आलं, चित्रं हलली, आणि तिनं तीन दिवस फोन केला नाही. मला वाटलं रागावली. कुणाच्या तरी डोक्यात आलं, बटण उजवीकडे बरं दिसेल, म्हणून. मीही अशी बटणं हलवलेली आहेत.

त्यावरून आपल्या खंडोबाची आठवण येते. देव अणदूरला सव्वादहा महिने आणि नळदुर्गला, मैलारपूरला, पावणेदोन महिने. मूर्ती एकच. नेता-आणताना दोन्हीकडचे मानकरी लेखी करार करतात. देव कुठे आहे याबद्दल कधी गोंधळ नाही. माझ्या कामात एकच माहिती दोन ठिकाणी गेल्यावर जो घोळ होतो तो निस्तरण्यात आयुष्य गेलं माझं, आणि आपल्या पूर्वजांनी तो एका कागदावर सोडवला होता. तरुण सहकाऱ्यांना मी हे उदाहरण देते. त्यांना वाटतं बाई गंमत करतात.

त्या पोचेवरून एक सांगते. निळ्या दोन खुणा म्हणजे पोच. उत्तर नव्हे. “बघितलं पण उत्तर दिलं नाही” यावरून आपल्या ग्रुपवर दोन मोठी भांडणं झाली आहेत, एक तर सोयरिकीपर्यंत गेलं. ज्यांना सोसत नाही त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन त्या खुणा निदान एकेकट्याच्या चॅटपुरत्या बंद कराव्यात, ग्रुपवर त्या बंद होत नाहीत. समोरचा स्वयंपाक करत असतो, गाडी चालवत असतो, किंवा काय लिहावं ते त्याला सुचत नसतं.

व्हॉइस मेसेजचा मला फार राग होता. ऐकायला वेळ लागतो, शोधता येत नाही. आता तक्रार नाही. आपल्या टेम्पोवाल्या मित्राला मी कीबोर्डवरचं माइकचं चित्र दाखवलं, बोललेलं आपोआप मराठीत उमटतं ते. चुका होतात. ‘उमरग्याला पोचलो’चं ‘उमर गेला पोचलो’ होतं. तो तसंच पाठवतो आणि आपण समजून घेतो. दोन वर्षांपूर्वी तो ग्रुपवर परत आला. मराठीच्या बाईंनी त्याच्या पहिल्याच मेसेजला उत्तर दिलं, “छान. लिहीत राहा.” बाई, तुम्ही तेव्हा काय केलंत ते तुम्हाला माहीत नाही.

माफी मी त्याची फोनवर मागितली होती. पण झापलं होतं सगळ्यांसमोर. म्हणून आज सगळ्यांसमोर मागते. मित्रा, माझं चुकलं. व्हिडिओबद्दल नाही. त्या दहा ओळींबद्दल.

आता कामाचं. सध्या ग्रुपांवर एपीके नावाच्या फायली फिरतात. ‘आरटीओ चलन’, ‘पीएम किसान’, लग्नाची पत्रिकासुद्धा. ती फाइल उघडून परवानग्या दिल्या की तुमचे एसएमएस, म्हणजे बँकेचे ओटीपी, चोराला दिसतात. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, त्याचा फोन आधीच चोराकडे गेलेला असू शकतो. पैसे ‘मिळवण्यासाठी’ यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. व्हिडिओ कॉलवर पोलिसांच्या वेशात कुणी ‘डिजिटल अटक’ केली म्हणालं तर फोन ठेवा, तसला प्रकार कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, त्याच घटकेला १९३० ला फोन करा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात, खात्यातली रक्कम पुढे जाण्याआधी अडवता येते.

व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिन लावून घ्या. टू-स्टेप व्हेरिफिकेशन म्हणतात त्याला. कसं लावायचं हे इथून सांगण्यात अर्थ नाही. जेवण झालं की मी आपल्या जुन्या दहावी ‘अ’च्या वर्गात बसते, खिडकीकडच्या रांगेत. फोन आणि चष्मा घेऊन या. चार्जरही आणा, कारण तिथला एकच सॉकेट चालू आहे, सकाळी बघून आले.