पेत्राचे पाय

उपवासकाळातल्या या व्याख्यानासाठी मला ‘नम्रता आणि देवाची कृपा’ हा विषय दिला आहे. नम्रता म्हटली की वाकणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. मला आज घेणाऱ्या माणसाबद्दल बोलायचं आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय आठवा. येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. पेत्र पाय मागे घेतो. प्रभूनं आपले पाय धुवावेत हे त्याला मुळीच सोसत नाही. वरवर पाहता केवढी लीनता! पण येशू ती चालवून घेत नाही. धुऊ दिले नाहीस तर तुझा-माझा संबंध संपला, असंच त्याला बजावतो. पेत्र गुरूसाठी जीव द्यायच्या गोष्टी करत होता, आणि गुरूच्या हातून एवढं घेणं मात्र त्याला जड जात होतं. देणाऱ्याचा मोठेपणा शाबूत राहतो, घेणाऱ्याला तो खाली ठेवावा लागतो. आजही पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीला बसायचं असलं की लोक घरून पाय घासूनपुसून येतात. मळलेले पाय दुसऱ्याच्या हाती द्यायची आपल्याला अजून लाज वाटते.

आपल्या नगर जिल्ह्यात दुसऱ्याच्या हातून घेण्याच्या या प्रश्नाला पाण्याचं रूप होतं. लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण घ्या. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची ही मुलगी. घरात वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाहेरून आलेलं सामानसुमान धुतल्याशिवाय चालत नसे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार मोडला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या, त्या आपलं सोवळं घेऊनच. नवरा ख्रिस्ती, बायकोची चूल वेगळी, पाणी वेगळं. नगर-राहुरीच्या त्या दिवसांत त्यांच्या मनात एक विचार आला: जाती देवानं केलेल्या नाहीत, माणसानं केल्या आहेत. मग कुणाच्याही हातचं खायला-प्यायला हरकत उरली नाही. पुढे 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. धर्मसिद्धान्त पटण्याच्या आधी हात पुढे झाला. कालपर्यंत ज्याच्या सावलीचा विटाळ होता त्याच्या हातचं पाणी त्यांनी घेतलं, आणि माझ्या मते कृपा त्यांच्या घरात शिरली ती तिथून.

पण हा झाला ब्राह्मण घरातला अनुभव. नगरच्या मंडळ्या काही अशा घरांतून वाढल्या नाहीत. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 च्या अखेरीस या शहरात आले आणि पुढच्या काळात ख्रिस्ती झाले ते बहुतेक महारवाड्या-मांगवाड्यांतले. त्यांना घेणं कुणी शिकवायला नको होतं. विहिरीच्या काठाशी उभं राहायचं, ओंजळ तोंडाशी धरायची, आणि कुणीतरी हातभर उंचावरून पाणी सोडायचं, भांड्याचा स्पर्श होऊ न देता. ते पाणी मिळेपर्यंत तासन्तास थांबायचं. अशा माणसांपुढे उभं राहून ‘नम्र व्हा’ असं सांगणाऱ्या उपदेशकाची मला काळजी वाटते. लादलेलं वाकणं म्हणजे नम्रता नव्हे. त्यांच्यासाठी शुभवर्तमान हे होतं की आता ताठ उभं राहायला हरकत नाही.

म्हणून येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्या माडीवरच्या खोलीकडे पुन्हा बघा. देणारा कुठे आहे? घेणाऱ्याच्या पायाशी, जमिनीवर. देवाची कृपा उंचावरून सोडलेल्या धारेसारखी येत नाही, हे येशूनं तिथे बसून दाखवलं. ब्राह्मणाला तिथं आपला मान खाली ठेवावा लागतो आणि महाराला आपला मान परत मिळतो. दोघांनाही देणारा आपल्या पायाशीच सापडतो. आमच्या संस्था ब्लँकेटं वाटतात, वह्या वाटतात, घेणाऱ्याचा पसरलेला हात नीट दिसेल असा फोटो काढतात. या फोटोंत देणारा नेहमी उभा असतो. हे मला खुपतं, आणि आपल्या मंडळीतच बोललं पाहिजे असं वाटतं.

घेण्याचा वेगळा नमुना नारायण टिळकांचा. ते स्वतः देणारे, इतके की घरात काही टिकत नसे. तरी घ्यायला ते लाजले नाहीत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, हे त्यांनी उघड सांगितलं. मिशनच्या शहरात राहून, परदेशी चालींवरच्या गीतांच्या जोडीला अभंग नि कीर्तन उभं करताना त्यांनी हे ऋण लपवलं नाही. उपासनेला आलेल्या खेड्यातल्या माणसाला आपलीच चाल कानी पडली.

9 मे 1919 रोजी ते गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं होतं. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते काम अंगावर घेतलं आणि स्वतःचे 64 अध्याय रचून पुरं केलं. नवऱ्याची ओळ पुढे नेताना त्याच्या मापाचं लिहायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. आपल्याला येतं ते मराठी, आपल्या घरातलं, त्यांनी त्यात घातलं.