सही नसलेली नोट

काही वर्षांपूर्वी दिल्लीत असताना जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याने मला चाळीस रुबलांची एक रशियन नोट दाखविली. आकाराने आगपेटीहून थोडी मोठी. तिच्यावर साल नाही, क्रमांक नाही, कोणाची सहीही नाही. ज्याचे अर्धे आयुष्य कागदांवर सह्या करण्यात गेले, त्याला असल्या नोटेचा संशय न येता तरच नवल! बनावट म्हणून मी ती परत केली. पुढे वाचनात आले, की ती खरीच असावी.

१९१७ साली केरेन्स्कीच्या हंगामी सरकारने वीस आणि चाळीस रुबलांच्या नोटा काढल्या, त्या अशाच होत्या. लोक त्यांना ‘केरेन्की’ म्हणत. न कापलेले त्यांचे तावच्या ताव बाहेर पडत आणि हव्या तेवढ्या नोटा लोक कात्रीने कापून घेत. सहीलाही सवड नसलेल्या राजवटीची घाई त्या कागदावर अशी उमटलेली आहे. त्याच वर्षाच्या अडीचशे रुबलांच्या नोटेवर तर चक्क स्वस्तिक आहे. पाहुणे ते पाहून दचकतात. पण त्या चिन्हाला तेव्हा पुढचा कलंक लागलेला नव्हता.

मात्र लोकांचा विश्वास झारच्या नोटांवरच होता. पीटर द ग्रेटचे चित्र असलेली पाचशेची भलीमोठी नोट ते जपून ठेवीत. मौज अशी, की झारला पदच्युत करणाऱ्यांनीही जुन्या साच्यांवरून झारच्या नोटा छापणे चालूच ठेवले! पाच रुबलांच्या नोटेवर साल १९०९ चेच असते. पण सहा आकडी क्रमांकाऐवजी दोन अक्षरे व तीन आकडे दिसले, की ती क्रांतीनंतरची हे संग्राहक ओळखतो.

बोल्शेविकांनी १९१९ मध्ये स्वतःच्या नोटा काढल्या, तेव्हा ‘पैसा’ हा शब्दच टाळला. नाव दिले ‘हिशेबाची खूण’, आणि वर कामगारांच्या एकजुटीची घोषणा सात भाषांत! इकडे यादवी युद्धात अर्खांगेल्स्क, डॉन, सैबेरिया, जिथे जो सत्ताधारी तिथे त्याची नोट. मध्य आशियातल्या खोरेज्मने तर रेशमावर नोटा छापल्या. त्या हाती आल्या, तर संग्राहकाची झोप उडते.

संग्रहातले आकडे मात्र फुगतच जातात. १९२१ मध्ये एक कोटी रुबलांपर्यंतचे कागद निघाले. १९२२ आणि १९२३ साली शून्ये कापली गेली, आणि १९२४ मध्ये नवा रुबल आला तेव्हा त्या एका रुबलाची किंमत १९२२ पूर्वीच्या पाच हजार कोटी रुबलांएवढी भरली. ज्या कुटुंबाची सारी पुंजी जुन्या नोटांत होती, त्याच्या हाती काय उरले असेल याचा हिशेब माझ्यासारख्या पगारदार माणसाला सहज करता येतो. तो करवत मात्र नाही.

पुढे मला केरेन्कीची एक जोडी मिळाली, न कापलेली. किंमतही फार नव्हती. त्या विपुल छापल्या गेल्या होत्या. वहीत ती पीटरच्या शेजारी लावली आहे. घरची मंडळी विचारतात, दोन सारख्याच नोटा कशाला? एक कापून कुणाला देऊन टाका. कात्री मी अजून लावलेली नाही.